ट्रॅक्टरच्या हेड बोल्टला नेमका किती टॉर्क? सल्ला हवा

आर्वीचा शेतकरी
नमस्कार मंडळी. आमचा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे. मागच्या आठवड्यात रेडिएटरमधून बुडबुडे यायला लागले. ऑइलची दांडी ओढून पाहिली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. हेड (इंजिनचं वरचं झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधली हेड गॅस्केट गेली.

याच हेडचं काम मागल्या वर्षी एका मिस्त्रीकडून केलं होतं. त्यांनी पान्याला तीन फुटांचा पाइप लावून "हाताले समजते" म्हणत बोल्ट आवळले होते. आता हेड उतरवलं तर दोन बोल्ट मधेच बारीक झालेले. चांगल्या बोल्टशेजारी धरले की फरक डोळ्यांना दिसतो. या वेळी टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, मोजूनच आवळायचे असं ठरवलं आहे. एक जण म्हणतो ९०, दुसरा म्हणतो १२. कोणाचं धरू? टॉर्क पाना (पीळ मोजणारा पाना) नाही आणि पेरणी तोंडावर आली आहे.

वणीचा कापूसवाला
भाऊ, ते दोन बोल्ट पयले फेका. एकदा ताणून बारीक झालेला बोल्ट पुन्हा धरत नाई.

गॅरेजवाला, अमरावती
९० आणि १२ ऐकून गोंधळू नका, दोघं बहुधा एकच गोष्ट सांगत आहेत. ९० फूट-पाउंड म्हणजे सुमारे १२२ न्यूटन-मीटर आणि १२ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ११८. पण कोणी ९० न्यूटन-मीटर समजून आवळलं तर हेड ढिलं राहणार. आकड्यासोबत एकक विचारल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

तरीही दोघांचंही धरू नका. तुमच्या इंजिनचा मॉडेल नंबर घेऊन डीलरकडे जा आणि सर्व्हिस मॅन्युअलचं ते पान मोबाइलवर फोटो काढून आणा. त्यात तीन गोष्टी बघा: शेवटचा आकडा, किती टप्प्यांत जायचं, आणि आटे कोरडे की ऑइल लावलेले. तिसरी गोष्ट लोक सोडून देतात. पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण ९० टक्के भाग घर्षणातच जातो, हेड दाबून धरायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून कोरड्या बोल्टचा आकडा ऑइल लावलेल्या बोल्टला दिला तर तो त्याच आकड्यावर कितीतरी जास्त ताणला जातो.

बोल्टच्या डोक्यावरचे ८.८, १०.९ हे आकडे त्याची ताकद सांगतात. १२ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण ८५ न्यूटन-मीटर चालतं, १०.९ ला सव्वाशेच्या आसपास. हा फक्त अंदाज, मॅन्युअलच्या जागी वापरू नका. नवे बोल्ट घेताना मात्र जुन्यावरचा नंबर जुळवूनच घ्या. मॅन्युअलमध्ये शेवटी अंशात फिरवायला सांगितलं असेल तर ते बहुधा ताणले जाणारे बोल्ट असतात, बहुतेक वेळा सगळेच नवे टाकावे लागतात.

आणि तो पाइप. तीन फुटांवर नुसता २० किलोचा जोर दिला तरी बोल्टवर १८० च्या आसपास न्यूटन-मीटर जातात. तुमचे दोन बोल्ट त्यानेच बारीक झाले असणार.

वणीचा कापूसवाला
टॉर्क पाना नाई म्हणून अडू नका. घरी कापूस वेचणीचा लटकता काटा असंन ना? पान्याच्या दांड्याले बोल्टच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर हूक अडकवा आन काटकोनातच ओढा. तिरपं ओढलं का आकडा खोटा. न्यूटन-मीटरले ९.८ नं भागा, मंग दुप्पट करा, तेवढे किलो काट्यावर दिसले पायजे. १०० असंन तर साडेवीस किलो. काटा बरोबर हाय का ते न फोडलेल्या युरियाच्या पोत्यावर पायजा, त्याचं वजन पोत्यावरच छापलेलं असते.

गॅरेजवाला, अमरावती
काट्याची युक्ती पक्की आहे. त्याआधी ब्लॉकमधली सगळी भोकं तारेच्या ब्रशने साफ करून कॉम्प्रेसरची हवा मारा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट त्यावर दाबला जातो आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. आवळताना मधल्या बोल्टपासून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमाने. हेडवर सरळ पट्टी उभी धरून फट दिसते का तेही बघा. दिसली तर हेड घासून घ्यावं लागेल.

आर्वीचा शेतकरी
मॅन्युअल मिळालं. ११५ न्यूटन-मीटर, टप्पे ४०, ८०, ११५, आटे आणि डोक्याखाली इंजिन ऑइल. काट्यावर ८.२, १६.३ आणि २३.५ किलो असं पाटीवर लिहून घेतलं आणि मुलाला काटा वाचायला बसवलं. पट्टीखाली फट नव्हती. मात्र एका भोकात बोल्ट चार आट्यांवर अडत होता. हवा मारली तर चमचाभर गंजाचं पाणी उडालं. त्यानंतर बोटांनी सरळ खाली गेला.

जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरलं. दोन तास चालवला, बुडबुडा नाही, दांडीवरचं ऑइल स्वच्छ. आमच्या मॅन्युअलमध्ये इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासायला सांगितले आहेत. ते सकाळी करतो, मग ट्रॅक्टर शेतात. दोघांचेही मनापासून आभार.