नव्या गाडीत स्टेपनीच नाही

निखिल (बी-६०४): काल गाडीची डिलिव्हरी घेतली, घरी येऊन डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर बुजवायच्या सीलंटची बाटली ठेवलीय फक्त. शोरूमवाला म्हणतो टीपीएमएस आहे, म्हणजे टायरमधली हवा कमी झाली की लाईट पेटवणारी सिस्टीम, म्हणून लागत नाही. गंडवलं का मला?

सावंत काका (ए-२०२): आधी पेढे कुठायत ते सांग

मीनल (सी-३०१): गंडवलं नाही रे. २०२० मध्ये केंद्राने नियम बदललेत, ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि टीपीएमएस असं तिन्ही असेल तर साडेतीन टनापर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी द्यायलाच हवी असं नाही. बाकी सगळ्या गाड्यांना टीपीएमएसची सक्ती आपल्याकडे नाहीये. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीचे टायर फाटून अपघात झाले, त्या प्रकरणानंतर २००० साली टीपीएमएसचा कायदा आला, युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांत कंपल्सरी

सावंत काका: नियम ठीकाय गं, पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या खड्ड्यात टायर बाजूने फाटला तर ती बाटली काय करणार? गेल्या पावसात माझं तेच झालं, साइडवॉलला बोटभर चीर, वरून धो धो, लाईट पेटेपर्यंत टायर बसला पण होता, स्टेपनी होती म्हणून घरी आलो नायतर टोइंगवाल्याने चांगलाच कापला असता. निखिल, डिकीत जागा असेल तर घेऊनच टाक

निखिल: बरं काका. पण सकाळपासून तो पिवळा लाईट पेटलाय, टायर तर ठीक दिसतायत

मीनल: दिसण्यावर जाऊ नकोस, पाव हवा गेली तरी डोळ्याला कळत नाही. स्क्रीनवर प्रत्येक टायरचा आकडा येतो का?

निखिल: नाही, नुसता लाईट

मीनल: मग बहुतेक एबीएसवाला, म्हणजे ब्रेकच्या सिस्टीमचे चाकांवरचे सेन्सर वापरणारा. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि जास्त फिरतं, त्यावरून ओळखतो. हवा भरल्यावर रिसेट करावा लागतो, आणि चारही टायर सारखेच उतरले तर त्याला पत्ताच लागत नाही, म्हणून गेजने बघत जा

रेवती (बी-१०३): पंपावरचा पोरगा न विचारता सरसकट ३५ पीएसआय हवा मारतो हं, ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर बघून सांगायचं, तेही टायर थंड असताना. टायरवर छापलेला आकडा कमाल असतो, तो नाही भरायचा

निखिल: डाव्या मागच्यात २४ निघाली, बाकी ३३. स्क्रू घुसलाय, चमकतोय चांगला

सावंत काका: रॅम्पवर गेटचं काम चालू आहे ना, तिथलाच असणार. सेक्रेटरी साहेब, आजच्या आज झाडून घ्या तो रॅम्प