राज्यकर्त्याने मुसलमानांना आत्मपरीक्षण सांगावं का? सिसींच्या भाषणावरून

सागवान (धागाकर्ता)

२०१५ साल उजाडत होतं तेव्हाची गोष्ट. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अब्देल फताह अल-सिसी पैगंबर जयंतीच्या निमित्ताने कैरोत अल-अझहर या सुन्नी मुसलमानांच्या मोठ्या धर्मपीठाच्या उलेमांसमोर, म्हणजे धर्मपंडितांसमोर, बोलले. ते भाषण गेल्या आठवड्यात पुन्हा ऐकलं. शतकानुशतकं पवित्र मानून जपलेल्या काही विचारांमुळे आपण सगळ्या जगाशी वैर घेतलंय, असं ते सांगतात. दीड अब्जाहून जास्त मुसलमानांनी बाकीच्या जगाला मारून स्वतः जगायचं, हे शक्य तरी आहे का, असं विचारतात. धार्मिक क्रांती हवी आणि ती तुम्हीच करायची आहे, हे अल-अझहरच्या मोठ्या इमामांच्या तोंडावर सांगतात.

माझं मत स्पष्ट आहे. हे सत्तेवरच्या माणसानेच बोलायला हवं. याच कैरोत १९९२ साली फरग फोदा या लेखकाला गोळ्या घातल्या, कारण तो धर्मसत्तेविरुद्ध लिहीत होता. १९९५ साली नस्र अबू झैद या प्राध्यापकाला न्यायालयाने धर्मभ्रष्ट ठरवलं आणि त्याचं लग्नच रद्द केलं. नवरा-बायको दोघांनाही ते लग्न हवं होतं! शेवटी त्यांना हॉलंड गाठावं लागलं. साध्या माणसाने बोललं की जीव जातो किंवा घर मोडतं, तिथे ज्याच्याभोवती संरक्षण आहे त्याने बोलायचं नाही तर कोणी?

मोडी

सागवान, भाषण मीही ऐकलंय. पण त्याच वर्षी पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत.

इस्लाम अल-बुहैरी नावाचा तरुण एका खाजगी वाहिनीवर कार्यक्रम करायचा. फिक्ह (धर्मशास्त्रीय कायदा) आणि हदीस (पैगंबरांची वचनं) यांच्या जुन्या ग्रंथांतलं काय आज टिकतं आणि काय टिकत नाही, हे तो बोलायचा. म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी जे करा म्हटलं तेच. अल-अझहरने तक्रार केली, कार्यक्रम बंद पडला आणि मे २०१५ मध्ये धर्माची विटंबना केली म्हणून त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. भाषणाला जेमतेम पाच महिने झाले होते. वर्षअखेरीस शिक्षा एक वर्षावर आली. माफी मिळाली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, तुरुंगवास संपत आल्यावर.

मग क्रांती कोणी करायची होती? ज्यांनी बुहैरीला आत पाठवलं त्यांनी?

आणखी एक. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, सिसी संरक्षणमंत्री असताना, कैरोतल्या रबा चौकात जमलेल्या मोर्सी समर्थकांवर सरकारी फौजांनी गोळ्या चालवल्या; मोर्सी म्हणजे सिसींनी हटवलेले राष्ट्राध्यक्ष. ह्यूमन राइट्स वॉचने किमान ८१७ मृत्यूंची नोंद केली. त्यांचं राजकारण मला अजिबात पटत नाही. पण त्या चौकात ज्याचा भाऊ गेला, तो सिसींच्या तोंडून 'आत्मपरीक्षण' ऐकून घेईल असं तुम्हाला खरंच वाटतं?

गोधडी

मोडी, बुहैरीबद्दल शंभर टक्के मान्य. पण म्हणून राज्यकर्त्यांनी हातच घालू नये, हे मला मान्य नाही. ट्युनिशिया बघा.

मार्च १९५६ मध्ये स्वातंत्र्य, आणि पाच महिन्यांत, १३ ऑगस्टला, तिथले पंतप्रधान बुर्गीबा यांनी कायदा आणला. बहुपत्नीत्व बंद. तोंडी तलाक बंद, काडीमोड फक्त न्यायालयात. आणि हे त्यांनी धर्म झटकून नाही, कुराणाचाच आधार घेऊन केलं: एकाहून जास्त बायकांना समान न्याय देणं पुरुषाला जमणार नाही असं कुराणच म्हणतं, मग दुसरी करायची परवानगी उरतेच कुठे? भारतात त्याच सुमारास हिंदू कोड बिलाचे तुकडे करून कायदे होत होते. तेव्हा लोकांची तयारी होईपर्यंत थांबले असते, तर आपल्या आज्यांचं काय झालं असतं?

इजिप्तमध्येही २००० साली खुलाचा कायदा आला. नवऱ्याची संमती नसली तरी मेहर परत करून बाई सुटू शकते. संसदेत भरपूर आरडाओरडा झाला, तरी आला. वरून रेटल्याशिवाय ही धोंड हलत नाही.

मोडी

बुर्गीबांचा विषय काढलात ते बरं झालं. ताहिर हद्दाद हे नाव मात्र राहिलं. झैतुना या मोठ्या धर्मपीठात शिकलेला माणूस. १९३० साली त्याने बायकांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं, तेही शरियतच्या आतून युक्तिवाद करत. त्याच्याच धर्मपीठाने त्याला वाळीत टाकलं आणि १९३५ मध्ये तो एकाकी मेला. बुर्गीबा त्या काळात बुरख्याच्या बाजूने बोलत होते, ती आपली ओळख आहे म्हणून. १९५६ च्या कायद्यात हद्दादचं पुष्कळसं म्हणणं आलं. म्हणजे सही राज्यकर्त्याची, पण नांगरणी दुसऱ्याची, आणि ती सव्वीस वर्षं आधी झालेली.

घाईने वरून रेटलेल्याचं काय होतं तेही बघा. इजिप्तचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९७९ मध्ये संसदेची बैठक नसताना वटहुकूम काढून बायकांना चांगले हक्क दिले. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने तो मार्गच चुकीचा म्हणून सगळं रद्द केलं. बदली कायदा आला, तो थोडा पातळ होऊन. आपल्याकडे पोटगीचा शाहबानो निकाल त्याच वर्षीचा.

वाशिष्ठी

मी सहसा फक्त वाचते, पण इथे बोलायलाच हवं.

मी कोकणी मुसलमान, चिपळूणकडची. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं मिरजोळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. १९६६ साली त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध सात बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तो आमच्याकडे अजून दबक्या आवाजात सांगतात. त्यांच्याकडे ना फौज होती ना पोलीस.

माझ्या खालाची, म्हणजे मावशीची, गोष्ट सांगते. तिचा नवरा आखातात होता. १९९८ च्या पावसाळ्यात निळं हवाई पत्र आलं, त्यात तीनदा तो शब्द. पोस्टमनने आधी 'पैसे पाठवले असतील' म्हणून हसत हातात दिलं होतं. जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि झाला तलाक म्हणून सांगितलं. खालाने ते पत्र तांदळाच्या डब्यात खाली ठेवलं. आंब्याच्या पेट्या भरायच्या कामावर दोन मुलं वाढवली.

आता मुद्दा. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला होता, की नुसतं 'दिला' म्हणून तलाक होत नाही. योग्य कारण लागतं आणि आधी दोन्हीकडच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केलेला असावा लागतो. तोही कुराणावरूनच. म्हणजे पत्र आल्यावर चार वर्षांत खालाच्या हातात हत्यार आलं होतं. तिला ते कोणी सांगितलंच नाही. जमातीने नाही, आमच्याकडे मतं मागायला येणाऱ्यांनी नाही. मलाही कळलं ते तोंडी तलाक रद्द ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर वाचत बसले तेव्हा.

सागवान, तुमच्या सिसींचं भाषण मला ऑफिसातल्या तीन जणांनी पाठवलं होतं. 'बघ, तुमचाच माणूस काय म्हणतोय.' दलवाई कुणी पाठवले नाहीत. औरंगाबादचा निकाल कुणी पाठवला नाही. भाषण चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, त्यातलं बरंचसं मला पटतं. पण ते माझ्यापर्यंत येईतो माझ्यावर फेकायचा दगड झालेलं असतं.

गोधडी

वाशिष्ठीताई, वाचून गप्प बसले. पण तुमच्याच गोष्टीतून विचारते: १९९८ मध्ये तोंडी तलाक बंद करणारा स्पष्ट कायदा असता, तर जमातीतल्या वडीलधाऱ्यांना तसं म्हणता आलं असतं का?

वाशिष्ठी

म्हणता आलं असतं. पण खालाला पोलीस पाटलाकडे जाता आलं असतं. म्हणून कायदा मला हवाच आहे, गोधडी. तो कोणी आणला याने मला फरक पडत नाही. मात्र तोंडी तलाकवरच्या २०१९ च्या कायद्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तो आत गेल्यावर पोटगी कोण देणार, हे आमच्या बायकांना विचारून मग लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

सागवान

बुहैरीचा खटला मला माहीत होता. धाग्यात घेतला नाही, कारण माझा मुद्दा लंगडा झाला असता. ते चुकलं. मोडींचं म्हणणं एवढ्यापुरतं मान्य, की बोलणाऱ्याला तुरुंगात घालणाऱ्या राज्यकर्त्याने 'बोला' म्हणण्याला किंमत नाही. २०१७ मध्ये सिसींनी तोंडी तलाकला कायद्याने चाप लावा म्हटलं आणि उलेमांच्या परिषदेने नकार दिला, तेव्हाही बाजूने उभं राहायला बुहैरीसारखे लोक किती मोकळे उरले होते?

भाषण व्हायला हवं होतं, यावर मात्र मी ठाम आहे.

वाशिष्ठी, त्या २००२ च्या निकालाचा सोप्या मराठीत दोन पानी गोषवारा करायला मी तयार आहे. तुमच्या भागात वाचला जाईल अशी भाषा तुम्ही तपासून द्याल का?

वाशिष्ठी

देते. आधी खालाला वाचून दाखवते. तिला कळला तर सगळ्यांना कळेल.