अनुभव धागा : कमी सामानातले सुख

काल माळा आवरताना नर्मदा परिक्रमेची पाठपिशवी हाती आली आणि हा धागा काढावासा वाटला. ओंकारेश्वरला संकल्प केला तेव्हा तिचे वजन 14 किलो होते, कारण तीन स्वेटर, दोन टॉर्च आणि बदामाचा डबा मी 'लागले तर' म्हणून भरले होते. रावेरखेडीला, बाजीराव पेशव्यांची समाधी आहे तिथवर, पोहोचेपर्यंत खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले. ते पाहून आश्रमातल्या माताजींनी पिशवी स्वतःच उपसायला घेतली आणि एकेक वस्तू उचलून त्या एवढेच विचारत राहिल्या, "कल लगेगा?" शेवटी दोन पांढरे जोड, कांबळे, कमंडलू आणि नर्मदाजलाची बाटली उरली. शिधा साठवायचा नाही हा नियम मी घरूनच पाठ करून गेले होते, पण त्या रात्री सदावर्तात दान मिळालेल्या पिठाचे टिक्कड, म्हणजे जाड रोट्या, भाजून झाल्यावर जवळ चिमूटभरही पीठ उरले नाही आणि तरीही मला गाढ झोप लागली, तेव्हा तो खऱ्या अर्थाने उमगला. आपणही लिहावे.

*

ताई, माझा अनुभव आळंदीच्या वारीतला आहे. एक लुगडे अंगावर आणि एक वाळत, एवढ्यावर मी पंढरपूर गाठले. नीरास्नानाच्या दिवशी पावसाने दोन्ही भिजली, तर राहुटीतल्या एका आजींनी काही न विचारता आपले कोरडे पातळ माझ्या अंगावर टाकले. घरी आल्यावर कपाट उघडले आणि कितीतरी वेळ नुसती पाहत उभी राहिले. कुकर लावला आहे, बाकीचे नंतर लिहिते.

*

गिरगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण राहिलो. त्या दिवसांची आठवण गोड आहे, हे मी नाकारत नाही. पण माझ्या आईकडे दोनच साड्या होत्या त्या तिने निवडल्या म्हणून नव्हत्या, आणि पाहुणे आले की ती आमच्यानंतर, उरले तर जेवत असे. आपल्या हाताने सोडलेले आणि नशिबाने न दिलेले यांना एकच नाव देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

*

दादा, तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. परिक्रमेच्या वाटेवरच्या शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे तिथल्या डोंगराळ जंगलात, पूर्वी परिक्रमावासींना लुटत आणि लंगोटीवर सोडत, असे सगळेच सांगतात. आम्हाला मात्र तिथल्या एका भिल्ल कुटुंबाने पडवीत निजायला जागा दिली. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात त्यांचे शेत गेले होते. मक्याच्या चार भाकऱ्या झाल्या, त्यांतल्या दोन आमच्या पुढ्यात आल्या, आणि घरातली माणसे पाच होती. मी पिशवी हलकी केल्याचा जो आनंद मनात घेऊन चालत होते, त्याचा उच्चार त्या घरात माझ्याने झाला नाही. सकाळी निघताना मी कांबळे त्यांच्या म्हातारीला दिले.

*

थंडीत मग पुढे कसे केलेत, ताई?

*

पुढच्या गावी एका शाळेच्या व्हरांड्यात गुरुजींनी गोधडी आणून दिली. सकाळी घडी करून ती त्यांना परत केली आणि चालू लागले.