मदत हवी आहे : बाबांच्या रिपोर्टमध्ये बुरशीच्या अँटिबॉडी

आम्ही डिचोलीचे. बाबांना जुना दमा. यंदाच्या पावसात त्यांच्या खाटेमागची भिंत काळी पडली आणि खोकल्यातून तपकिरी, घट्ट गुठळ्या पडू लागल्या. एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारी अँटिबॉडी) १२४० आलं, अ‍ॅस्परजिलस या बुरशीविरुद्धचं आयजीजी (दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, गॅलॅक्टोमॅनन मात्र निगेटिव्ह. गॅलॅक्टोमॅनन हा बुरशीच्या पेशीभित्तिकेचाच अंश आणि अँटिबॉडी म्हणजे बुरशीला शरीराने दिलेलं उत्तर, एवढं समजलं. पण बीटा-ग्लुकान, मॅनन या बुरशीच्या भित्तिकेतल्याच घटकांविरुद्धच्या अँटिबॉडी धडधाकट माणसांतही सापडतात. कँडिडा ही बुरशी तर अनेकांच्या आतड्यातच असते. मग नुसत्या आयजीजीवरून आजार ठरतो का? अ‍ॅस्परजिलसचं वेगळं आयजीई आणि सीटी स्कॅन आधी करावा का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा. बाबा रात्र रात्र बसून काढतात, बघवत नाही.