उत्तर: आइस-टी आणि रेडिओ

'रेकॉर्ड खपत होत्या, मग १९८८च्या सुमारास अमेरिकन रॅपर आइस-टी रेडिओवर क्वचितच का?' या प्रश्नाबद्दल. सगळीकडेच बंदी होती असं नाही. लॉस एंजेलिसचं रेडिओ स्टेशन के-डे (१५८० एएम) बरंचसं रॅप वाजवायचं. तिथे संगीत निवडणाऱ्या ग्रेग मॅकने स्थानिक रॅपर्सना जागा दिली. मात्र एएमवर आवाजाच्या वरच्या पट्ट्या कापलेल्या, त्यामुळे हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) बोथट होई. न्यूयॉर्कमध्ये एफएमवर रॅप मुख्यतः शुक्रवार-शनिवार रात्रीच्या मिक्स शोमध्ये (डीजे गाणी एकमेकांत मिसळून वाजवतो ते कार्यक्रम). दिवसा वाजवायचं तर शिव्या गाळलेली वेगळी प्रत लागे, आणि आइस-टीच्या गाण्यांत विषयच अडचणीचा. शब्द पुसून भागत नसे. त्याने 'पॉवर' या अल्बमवर 'रेडिओ सकर्स' हे गाणं केलं ते यातूनच. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाची लोकप्रिय रॅप गाण्यांची यादी मार्च १९८९मध्ये आली, तीसुद्धा फक्त विक्रीवर.