आठवण, प्रेम आणि मन : सिनेमा पाहून घरात काय बदललं?

पळसफूल (दारव्हा तालुका)

कापसाची उलंगवाडी झाली, वेचणी संपून वावरं मोकळी झाली. आता थोडं बसून बोलता येईल, म्हणून हा धागा. प्रेम, आठवण, मन यांवरचा एखादा सिनेमा पाहून घरातल्या माणसाशी तुमचं वागणं बदललं असेल तर लिहा. सिनेमाची गोष्ट थोडक्यात, घरातलं सविस्तर. खेड्यातल्यांनी तर नक्कीच लिहा. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं की विषय संपतो आणि आजार हा आजार म्हणून दिसतच नाही.

माझा सिनेमा 'अस्तु', सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे पंडित अल्झायमरमुळे सगळं विसरत चाललेत. मुलगी जराशी गाडीतून उतरते तेवढ्यात ते रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. तिची भाषा कानडी, ओळख ना पाळख.

आमच्या सासूबाई रोज सांज झाली की पिशवी भरतात. "मले माह्या घरी नेऊन द्या." लग्न होऊन आल्या तेच हे घर. सगळे त्यांना पटवायला बघायचे, की आई, हेच तुमचं घर. त्या चिडायच्या, रडायच्या. चन्नम्मा त्या म्हाताऱ्याला तो कोण हे पटवत बसत नाही. तो तिच्यात आई पाहतो, तर ती आई होते. आता मी पिशवी हातात घेते आणि म्हणते, "हाव, जाऊ. तुमच्या घरी विहीर कोण्या अंगाले होती?" मग विहीर, चिंच, भाऊ असं सगळं निघतं आणि तोवर जेवायची वेळ होते.

खंजिरी (तिवसा तालुका)

'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' (२००४). अमरावतीला शिकताना होस्टेलवर पाहिला. जोएल आणि क्लेमेंटाइन यांचं नातं बिनसतं, आणि दोघं आळीपाळीनं एका कंपनीकडून एकमेकांच्या आठवणी पुसून घेतात. पुसणं ताज्या आठवणीपासून सुरू होऊन मागे मागे जातं. भांडणं आधी जातात आणि त्याखाली दबलेलं सुरुवातीचं प्रेम उघडं पडतं. तेव्हा जोएल झोपेतच धडपडतो, एवढी एक तरी राहू द्या म्हणतो, आणि क्लेमेंटाइनला स्वतःच्या लहानपणात, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली लपवतो.

आबाजींना अल्झायमर झाल्यावर हाच सिनेमा मला वेगळा दिसला. त्यांचंही नव्याकडून जुन्याकडे गेलं. (नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात लवकर खराब होतो.) आधी सकाळचं जेवण गेलं, मग नातवंडांची नावं, मग माझ्या बाबांचं लग्न. राहिलं ते तरुणपण. गुरुकुंजातली सामुदायिक प्रार्थना, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. आजी आता त्यांच्याशी फक्त लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतलंच बोलते. समोरची म्हातारी कोण हे त्यांना कळत नाही, पण भजनाला तिनं सूर दिला की मान डोलवतात आणि तिला म्हणतात, "बस ना इथंच."

बंडीवाला (वणी)

आमच्या गावात गनपतीत व्हीसीआर यायचा. 'सदमा' (१९८३) तवाच पाह्यला. त्यात आठवण गेलेल्या श्रीदेवीले कमल हासन सांभाळते. शेवटी ती बरी होते अन् त्यालेच ओळखत नाही. टेसनावर तो डोक्यावर भांडं ठेवून माकडावानी नाचते, तिले आठवावं म्हून. सारं गाव रडलं. मले तिचाच राग आला. माय म्हणे, "तिची काई चूक नाई रे बाप्पा." आता माय मले तिचा मोठा भाऊ समजते. राखीले मले ओवाळलं, म्या ताटात ओवाळणी टाकली. तिचंच बोलणं मले कामी येऊन राह्यलं.

पांढरं सोनं (हिंगणघाट)

मी आशा सेविका आहे. डोक्याला पुन्हा मार लागला तर आठवण परत येते का, असं लोक मला विचारतात. नाही येत. हे सिनेमावाल्यांनी पसरवलेलं आहे आणि त्याचा मला मनापासून राग आहे. खरी गोष्ट हेन्री मोलेसनची. १९५३ मध्ये मिरगीसाठी त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. पण आरशात बघून चांदणी गिरवण्याचा सराव दिला, तर हात रोज सुधारत गेला. आपण हे आधी केलंय हे मात्र त्याला आठवत नसे. माझ्या भागातल्या एका आजीला सुनेचं नाव येत नाही, पण कापूस हाती दिला की वाती एकसारख्या वळते. अशा माणसांच्या हाताला काम द्या.

पळसफूलताई, सांजेला दिवे लवकर लावा, अंधारून आलं की त्यांची बेचैनी वाढते. आणि लुगड्याच्या पदराला नाव-नंबरची चिठ्ठी शिवून ठेवा.

धुरा (घाटंजी)

'कासव' कुणीच लिहिला नाही. २०१६ च्या सिनेमांत सुवर्णकमळ मिळालेला. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली असते आणि पार खचलेल्या एका अनोळखी पोराला आसरा देते, त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा न लावता.

लागोपाठ नापिकी झाली तेव्हा माझा धाकटा भाऊ खोलीतून निघेना. येणारा-जाणारा त्याला हिंमत ठेव सांगायचा. सिनेमा पाहिल्यावर मी सांगणं बंद केलं आणि रोज त्याला घेऊन वावराच्या धुऱ्यावर बसू लागलो. बोलला तर बोलला. एक दिवस तोच म्हणाला, "दादा, झोप येत नाई, डॉक्टरकडे चाल." गोळ्या सुरू आहेत, यंदा वेचणीला आला. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही.