खेकड्याचं पोट आणि लोकांचे 'हाहा'

पुळणकर
काल एकाने पोस्ट टाकली: "खेकड्याचं पोट गुरगुरतं, यावर म्हणे संशोधन! आपल्या कराचा पैसा वाळूत." खाली नुसते हाहा. बातमी कुणी उघडूनही पाहिलेली नाही. पुळणीवर संध्याकाळी सुसाट पळणारे, डोळे दांडीवर असलेले खेकडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्या बहुतेक जातींच्या मोठ्या नांगीवर आतून बारीक खाचांची पट्टी असते, ती घासून आवाज काढतात. पण भांडताना नांग्या उगारलेल्या असल्या तरी आवाज येतोच. तो जठरातले अन्न दळायचे दात एकमेकांवर घासून येतो, हे २०१९ साली कळलं. लेझरने कंपनं मोजली, क्ष-किरणांखाली दात हलताना पाहिले. अभ्यास अमेरिकेतला, तुमचा कर आला कुठून?

हर्णैकर
शोध कसला डोंबलाचा? शेवंड, म्हणजे तुमचा लॉबस्टर, जाळ्यातून सोडवताना हातात करकरते, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आजोबांना कुणी डॉक्टरेट दिली नाही.

सागरिका
करकरते हे ठाऊक, कशाने ते आजोबांनी सांगितलं का? मिशीच्या बुडाची मऊ पट्टी डोळ्याखालच्या कडेवर अडकत-सुटत घासते, व्हायोलिनच्या गजाची गत. २००१ मध्ये उलगडलं. म्हणूनच कात टाकल्यावर कवच मऊ असतानाही तिला आवाज काढता येतो.

हर्णैकर
आजोबांवर जायचं काम नाही.

देवगडी बाबल्या
वायच थांबा. शेवंड आता गावता खंय? एलईडीचो उजेड टाकून मासे गोळा करूच्या मासेमारीक केंद्रान २०१७ साली बंदी घातली. मगे रातचो आमच्यासमोर दर्यात लखलखाट कसलो? माझ्या बापाशीन किनाऱ्यार रापणीचा जाळा ओढून तीन पोरां शिकवली. मी काय ओढू, रिकामी दोरी?

पुळणकर
बाबल्या, विषय खेकड्याच्या पोटाचा आहे.

देवगडी बाबल्या
तुझो आसात. माझो माझ्या पोटाचो.

नौकावाला
सरसकट सगळ्या पर्सीनवाल्यांना, मोठ्या घेरजाळ्याच्या बोटवाल्यांना, चोर ठरवू नका. डोक्यावर कर्ज आहे, खलाशांचे पगार आहेत. आमच्या बोटीवर लाइट नाही.

देवगडी बाबल्या
मगे जनरेटर कित्याक? मोबाइल चार्ज करूक?

नौकावाला
तोंड सांभाळून बोल. मासळी तुमच्या रापणीची नि आमचा काय समुद्रच नाही? डिझेलचे भाव बघितलेस?

सागरिका
दोघांनी वेगळा धागा काढा, कृपा होईल.

हर्णैकर
बरं, मिशीचं मान्य. पण गाजतं काय ते बघा. २०१७ मध्ये एका चुटकी वाजवणाऱ्या कोळंबीला गुलाबी नांगीपायी पिंक फ्लॉइड बँडचं नाव दिलं, लगेच जगभर फोटो. नांगी मिटताना पाण्यात बुडबुडा होतो आणि तो फुटल्याचा तो आवाज असतो, हे २००० मध्येच कळलेलं. तेव्हा कुणी शेअर केलं?

पुळणकर
२००० साली शेअर कशावर करणार, पोस्टकार्डावर? आणि एवढं वाचलंय तर वर 'डोंबलाचा' कशाला?

हर्णैकर
वाचणं वेगळं, कौतुक करणं वेगळं.

देवगडी बाबल्या
आवाज मोजतास ना? मगे एक यंत्र आमच्या दर्यात सोडा. रातची इंजिनां मोजा.

सागरिका
करता येईल. पाण्यातला मायक्रोफोन बोटीचं इंजिन सहज टिपतो. पण त्याला पैसे लागतात, आणि मग कुणीतरी लिहिणार, 'आपला कर दर्यात.'

नौकावाला
लिहीन की. पहिला मीच.